नीलकोटची राजकन्या शुद्धीवर येते

विद्याधर कर्णिकांना टायफॉइड झाला तेव्हा राजकन्या तरंगिणी नीलकोटच्या तटावर बेशुद्ध पडलेली होती आणि किल्ल्याला शत्रूचा वेढा बसलेला होता.

तरंगिणी ही कर्णिकांच्या कादंबरीतली. 'रसकलश' साप्ताहिकात ती दर शनिवारी थोडी थोडी छापून यायची. कर्णिक एरवी फोर्टातल्या एका विमा कंपनीत हेडक्लार्क. पण रविवारी सकाळी मुलुंडच्या 'गोवर्धन निवास'मध्ये, वरच्या मजल्याच्या गॅलरीत, आरामखुर्चीवर फळी आडवी टाकून बसले की ते कादंबरीकार होत. मग खालून भाजीवाल्याने आरोळी दिलेलीसुद्धा त्यांना खपत नसे. लांब मिठागरांकडे बघत ते एक वाक्य लिहीत, स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवत, आणि चहा मागत.

त्यांचं अक्षर मात्र असं होतं, की छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी त्यापुढे हात टेकले होते. म्हणून पहिल्या प्रकरणापासून सगळा मजकूर स्वच्छ उतरवून द्यायचं काम त्यांच्या बायकोकडे, रत्नप्रभाबाईंकडे होतं. दुपारची आवराआवर झाली की बाई स्वयंपाकघरात पाट मांडून उतरवायला बसत. अट एकच : काना-मात्रासुद्धा बदलायची नाही. एकदा 'नयनांतून अश्रूंचा महापूर लोटला' याच्या जागी त्यांनी 'डोळ्यांत पाणी आलं' असं केलं होतं, तर कर्णिक रविवारभर जेवताना त्यांच्याशी बोलले नव्हते.

बाई निमूट उतरवत. पण मनातून त्यांना त्या तरंगिणीचा राग यायला लागला होता. काहीही झालं की ही मुलगी बेशुद्ध पडायची. युद्धाची बातमी आली, पडली. राजपुत्र वज्रकेतूने हात धरला, पडली. कृष्णगिरीच्या राजाचा जादूचा पितळी घोडा आभाळातून उडत गेला, तेव्हा तर दासीसकट पडली. आणि तो वज्रकेतू! शेजारच्या मंदारपूरचा राजपुत्र, पाहुणा म्हणून नीलकोटात आला तो जायचं नाव काढत नव्हता. तरंगिणीला 'हे मृगनयने' म्हणायचं आणि उसासे टाकायचे, याखेरीज त्याला उद्योग नव्हता.

"अहो, याला घरदार नाही का?" बाईंनी एकदा न राहवून विचारलं होतं.

"प्रेमाला घरदार नसतं," कर्णिक म्हणाले होते. "आणि तू फक्त उतरव."

तर, कर्णिक तापाने फणफणलेले असताना गुरुवार आला, आणि नेहमीप्रमाणे छापखान्याचा शिपाई गुणाजी मजकूर न्यायला दारात उभा राहिला. गुणाजी मालवणकडचा, पन्नाशी उलटलेला, काटकुळा माणूस. मजकूर छापखान्यात पोचायच्या आत वाटेतच वाचून काढायची त्याची पद्धत होती.

"वयनीनू, कापी?"

"कसली कापी, गुणाजी! शुद्ध नाहीये त्यांना. डॉक्टर सबनीसांनी सांगितलंय, महिनाभर कागदाला हात लावायचा नाही."

गुणाजीने आतल्या खोलीत डोकावून बघितलं, हळहळला, आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे हे पण शुद्धीर नाय, नि ती पण नाय?"

"ती कोण?"

"राजकन्या. गेल्या शनवारी पडली ती. उठतली काय नाय? लोक माका इचारतत."

"तुमच्या संपादकांना, जयवंतरावांना सांगा, या आठवड्यात प्रकरण नाही म्हणून."

"मालक माका खावन टाकतलो," गुणाजी म्हणाला. "मोकळ्या जागेत काय छापूचा? जुलाबाच्या गोळयेची जाहिरात?"

बाईंनी आत नवऱ्याकडे बघितलं. कर्णिक डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मग बाईंनी गॅलरीतल्या रिकाम्या आरामखुर्चीकडे बघितलं. त्या खुर्चीत बसायचं मात्र त्यांना धाडस झालं नाही.

"बसा," त्या गुणाजीला म्हणाल्या. "चहा टाकते."

गुणाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून बशीतून चहा प्यायला लागला, आणि बाईंनी पाटावर कोरा कागद ठेवून लिहिलं : 'राजकन्या तरंगिणी शुद्धीवर आली. तिने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिले आणि ती म्हणाली, "मला भूक लागली आहे."'

एवढं लिहून त्यांना इतकं बरं वाटलं, की पुढचं आपसूक आलं. तरंगिणी जेवली. तिने केस घट्ट बांधले आणि किल्ल्यात धान्य किती शिल्लक आहे ते विचारलं. कोठीवाला म्हणाला, प्रधानांना ठाऊक. प्रधान म्हणाले, महाराजांना ठाऊक. महाराज म्हणाले, असल्या गोष्टी कोठीवाला बघतो. मग राजकन्या स्वतः कोठारात शिरली. रेशनच्या रांगांत उभं राहून काढलेली सगळी वर्षं बाईंच्या हातात उतरली होती. पोत्यात हात कुठवर घालून बघायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. वरच्या हातभर तांदूळ, खाली सगळा कोंडा. कुणीतरी किल्ल्यातलं धान्य चोरून बाहेर काढत होतं, आणि तो कुणीतरी आतला होता.

"हय थांबवा," मागून वाकून वाचणारा गुणाजी म्हणाला. "आता शनवारपर्यंत कोणाक झोप येवची नाय."

गोवर्धन निवासात 'रसकलश'चा एकच अंक यायचा. तळमजल्यावरच्या वैद्यांची कुंदा, मॅट्रिक होऊन टायपिंग शिकणारी, शनिवारी दुपारी जिन्यात बसून तो मोठ्याने वाचायची, आणि सगळ्या बायका कुणी तांदूळ निवडत, कुणी मूल थोपटत पायऱ्यापायऱ्यांवर बसून ऐकायच्या. त्या शनिवारी पहिलं वाक्य वाचल्याबरोबर कुंदा थांबली.

"उठली गं बाई एकदाची!" ती ओरडली, आणि जिन्यात टाळ्या पडल्या.

रत्नप्रभाबाई वरच्या पायरीवर सुपात तूरडाळ घेऊन बसल्या होत्या. त्या खाली मान घालून डाळीत नसलेले खडे शोधत राहिल्या.

पुढच्या गुरुवारी गुणाजी जरा आधीच आला.

"छापखान्यात सगळे इचारतत, चोर कोण? मी कायएक बोलूक नाय. माझ्या तोंडार कुलूप." आणि मग बशी खाली ठेवत, "पण वयनीनू, एक गलबत घाला मगे. नि त्याच्यार तांडेल आमच्याकडचो."

"गुणाजी, नीलकोट डोंगरावर आहे."

"मग समुद्र जवळ आणा."

कुलपाची ही किल्ली बाईंना परवडण्यासारखी होती. त्या शनिवारी नीलकोटच्या पायथ्याशी समुद्र आला, समुद्रात गलबत आलं, आणि गलबतावर एक काटकुळा, मिश्या पिळणारा तांडेल उभा राहिला. समुद्र आल्यावर मिठागरंही आलीच. ती बाईंना गॅलरीतून रोज दिसत होती.

चोर कोण हे बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वज्रकेतू रोज रात्री चोरदरवाजातून धान्य बाहेर पाठवत होता, कारण कृष्णगिरीच्या राजाने त्याला नीलकोटची गादी कबूल केली होती. तरंगिणीने त्याला पोत्यासकट पकडलं. तो गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, हे मृगनयने, माझ्या मनात नव्हतं, होऊन गेलं. दरबाराने त्याचं डोकं मागितलं. राजकन्येने त्याला सैन्याच्या भटारखान्यात कांदे सोलायला बसवलं. 'राजपुत्र,' ती म्हणाली, 'आपल्याला अश्रू ढाळायचेच आहेत, तर कामाचे ढाळा.'

जिन्यात त्या दिवशी एवढा हशा झाला, की अंथरुणावरून कर्णिकांनी क्षीण आवाजात विचारलं, "कुणाकडे बारसं आहे का?"

"वैद्यांकडे पाहुणे आलेत," बाई म्हणाल्या आणि पेजेचा वाडगा त्यांच्या तोंडाशी धरला.

ताप आता उतरत होता, पण डॉक्टरांची वाचायची बंदी कायम होती. 'रसकलश'चं काय झालं असं कर्णिकांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "जयवंतरावांची काही तक्रार नाही." यात एक शब्द खोटा नव्हता. कर्णिक आपल्या मनाने धरून चालले, की 'लेखकाच्या आजारपणामुळे' अशी चौकट छापली जात असेल. त्या चौकटीकडे बघून वाचकांचे चेहरे कसे उतरत असतील, याचा विचार करत ते दुपारी शांत झोपत.

बाईंना आता लगाम राहिला नव्हता. कादंबरीत सेनापती भैरवसेन म्हणून एक माणूस होता. कर्णिकांच्या हाताखाली त्याने 'आज्ञा, महाराज' याखेरीज तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी त्याला बोलायला लावलं. तो डावखुरा निघाला, थोडं बोलणारा, आणि जेवल्यावर आपलं ताट आपण उचलणारा. राजकन्या काही गमतीचं बोलली तर तो हसायचा, आणि ती गंभीर बोलली तर ऐकायचा. एका प्रकरणात दोघं बुरुजावर उभी राहून शत्रूच्या छावणीतले दिवे बघत होती. बोलता बोलता तरंगिणीने आपल्या पदराने भैरवसेनाच्या कपाळावरचा घाम टिपला. एवढंच. पण ते वाचून कुंदाचा आवाज चिरकला, आणि मुलुंडच्या पाच रस्त्याच्या नाक्यापर्यंत कुजबुज गेली.

दुसऱ्या दिवशी कर्णिकांचे स्नेही नंदकिशोर प्रधान समाचाराला आले आणि पलंगाच्या कडेवर बसून डोळे मिचकावत म्हणाले, "विद्याधर, लेका, पदराने घाम! या वयात!"

"कसला घाम?" कर्णिक म्हणाले.

"ताप उतरताना घाम यायचाच," बाई दारातून म्हणाल्या. "भावजी, जरा दवाखान्यातून यांचं औषध आणता का? बाटली ही घ्या." आणि प्रधान बाटलीसकट जिन्याखाली गेलेसुद्धा.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण संपादक जयवंतराव धुरंधर स्वतःच मुलुंडला आले. भारदस्त माणूस, लांब कोट, हातात मोसंब्यांची पिशवी. बाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी आवाज ओळखला आणि चहाचं आधण ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला.

"कर्णिक, धन्य तुमची!" जयवंतराव खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "अहो, अंक पुरत नाहीत. वज्रकेतूला कांदे सोलायला बसवलंत! मी हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिलो. एरवी, रागावू नका, पण तुमची ती राजकन्या जरा नाजूकच. आजारपणात एकदम काय अंगात आलं तुमच्या?"

कर्णिकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कांदे? ते उशीवरून अर्धवट उठले. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन बाई दारात आल्या. कर्णिकांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि एका क्षणात त्यांना सगळं कळलं. बाईंनीही नजर चुकवली नाही. होऊन जाऊ दे, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. रागावतील, मग रागावू देत.

कर्णिक पुन्हा उशीला टेकले.

"तापात... सुचत गेलं," ते म्हणाले. "ही उतरवून घेत होती."

बाईंनी ट्रे तिपाईवर ठेवला. "साखर कमी वाटली तर सांगा," असं जयवंतरावांना म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. कर्णिकांच्या कपात साखर मुळीच नव्हती. त्यांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, कारण तोंड वाकडं करायची सोय नव्हती.

संपादक जिना उतरून गेले.

"कांदे?" कर्णिक म्हणाले.

"हो."

"माझ्या वज्रकेतूला?"

"तुम्हालाच तर सुचलं ना, तापात?" बाई आतून म्हणाल्या.

त्या दिवसापासून गोवर्धन निवासाच्या वरच्या मजल्यावर युद्धाचे ढग जमले. भांडण म्हणाल तर नाही. बाई वेळेवर पथ्याचं वाढत, वेळेवर औषध देत, आणि दोन्ही वेळेला एक शब्द बोलत नसत. कर्णिकांनी कुंदाकडून सगळे अंक मागवले आणि डॉक्टरांना न विचारता एका बैठकीत वाचून काढले. आपल्या राजपुत्राची दशा बघून त्यांनी अंक दोनदा आपटला. पण खरा काटा रुतला तो भैरवसेनाचा. हा माणूस आला कुठून? बायकोच्या डोक्यात असा माणूस होता, आणि आपल्याला पत्ता नाही?

त्यांनी घरी येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे बारकाईने बघायला सुरुवात केली. डॉक्टर सबनीस इंजेक्शन डाव्या हाताने देतात, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. प्रधान चहा पिऊन झाल्यावर कपबशी स्वतः मोरीत नेऊन ठेवतात, हेही. शेवटी त्यांनी मौन सोडलं.

"हा भैरवसेन कोण?"

"सेनापती."

"तसं नव्हे. कुणावरून लिहिलास?"

"कुणावरूनच नाही," बाई म्हणाल्या. मग कळशी उचलून दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "नाही, म्हणजे अगदीच कुणावरून नाही असं नाही." आणि नळावर निघून गेल्या.

त्या रात्री कर्णिकांना झोप आली नाही. सकाळी त्यांनी फळी मागवली, अशक्त हातात टाक घेतला आणि राज्याची सूत्रं परत ताब्यात घेतली. धान्य चोरणारा वज्रकेतू खरा वज्रकेतू नव्हताच. एका मांत्रिकाने बनवलेला तो तोतया होता, असं त्यांनी सिद्ध केलं. खरा राजपुत्र एका गुहेतून सुटून आला. भैरवसेनाला तातडीच्या कामगिरीवर सात समुद्रांपलीकडच्या बेटावर पाठवण्यात आलं. तरंगिणी आनंदातिशयाने मूर्च्छित झाली.

"उतरव," त्यांनी कागद पुढे केले.

"मला पापड लाटायचेत."

"आज गुरुवार आहे!"

"मग तसंच द्या. तुमचंच आहे ना सगळं?"

तसंच द्यावं लागलं. गुणाजीने ते अक्षर बघितलं, बाईंकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि कागद पिशवीत घातले. आज चहा नव्हता.

शनिवारी कुंदाने जिन्यात वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच परिच्छेदात अडखळली. "'हे मूगनयने!'" तिने वाचलं. "मूग? मूग कुठून आले?" पुढे राजपुत्राने राजकन्येचा कर हाती घ्यायचा होता, जुळाऱ्याला 'कर'चा 'खर' दिसला होता. "'असे म्हणून राजपुत्राने तिचा खर प्रेमाने हाती घेतला,'" कुंदाने वाचलं. "अगं बाई, गाढव!" विरहाने व्याकूळ झालेला वज्रकेतू 'विहिरीने व्याकूळ' झाला होता, आणि शेवटी अश्वावर आरूढ होण्याऐवजी तो 'अश्रूंवर आरूढ' होऊन निघून गेला होता. जिन्यात बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. वरती कर्णिक भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण भिंतीतूनही ऐकू येत होतं.

हसून झाल्यावर कुंदा तणतणत वर आली. "काका, हे काय केलंत तुम्ही? भैरवसेनाला का पाठवलंत? आधी त्याला परत बोलवा, नाहीतर मी अंक वाचायचीच नाही. आणि तो तोतया वगैरे काही आम्हाला पटलेलं नाही!"

"अगं, कथानकाची गरज..."

"कसली गरज! त्या वज्रकेतूने कांदेच सोलायला हवेत." आणि ती गेली. पाठोपाठ जयवंतरावांची चिठ्ठी आली : 'ताप उलटला काय? प्रकृती जपावी. बुधवारी समक्ष येतो.'

दुपारी कर्णिक हळूहळू चालत गॅलरीत आले आणि बायकोची प्रकरणं पुन्हा वाचायला बसले. या खेपेला भैरवसेनाचा माग काढायला नाही, नुसतीच. कोठारातल्या कोंड्यापाशी ते थांबले. रेशनची पिशवी घेऊन दुकानापुढे आपण कधी उभे राहिलो होतो, ते त्यांना आठवेना. कांद्यांपाशी आल्यावर ते एकदम मोठ्याने हसले. हसून वर बघतात, तर दारात बाई.

"चांगलं आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "त्या दिवशी जयवंतरावांसमोर मी... माझ्या मनात नव्हतं गं. होऊन गेलं."

"वज्रकेतूही असंच म्हणाला होता," बाई म्हणाल्या. पण त्या खाली बसल्या. किती तरी दिवसांनी बसल्या.

तहाची बोलणी तिथेच सुरू झाली. बाईंची पहिली अट : जयवंतरावांना खरं काय ते कर्णिकांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. कर्णिकांनी मान डोलावली. तोतया बाद. त्यालाही डोलावली, जरा उशिरा. भैरवसेन बेटावरून परत. यावर कर्णिकांनी हातातला अंक घडी घालून ठेवला आणि ते म्हणाले, "येऊ दे."

घोडं अडलं ते युद्धापाशी.

"युद्ध व्हायलाच हवं," कर्णिक म्हणाले. "पहिल्या प्रकरणापासून मी सैन्य गोळा करतोय."

"कशाला पण? त्यांचे रथ मिठागराच्या चिखलात रुतलेत. आता त्यांना जेवण पाठवायचं आणि घरी जा म्हणून सांगायचं."

"जेवण? रत्नप्रभा, ते शत्रू आहेत!"

"भुकेले आहेत."

"अगं, लोक काय म्हणतील! रणांगण नाही, रक्त नाही... निदान एक हत्ती तरी मरू दे."

"हत्तीने काय केलंय?"

शेवटी असं ठरलं, की युद्ध व्हावं, पण जेवणाच्या वेळेपर्यंतच. ते कर्णिकांनी लिहावं आणि त्यात कुणी मरू नये. पितळी घोड्याला भैरवसेनाने बाण मारून समुद्रात पाडावा आणि गलबतावरच्या तांडेलाने तो जाळ्यात ओढावा. कर्णिकांना हे लिहिताना इतकी मजा आली, की हत्तीची त्यांना आठवणही राहिली नाही. फक्त राजकन्येचं लग्न कुणाशी, हे बाईंनी सांगितलं नाही.

"मला तरी सांग!"

"शनिवारी कळेल सगळ्यांना," बाई म्हणाल्या.

बुधवारी जयवंतराव आले. मोसंब्यांची पिशवी या वेळी गुणाजीच्या हातात होती. कर्णिक खुर्चीत ताठ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "जयवंतराव, एक सांगायचंय. ती आजारपणातली प्रकरणं माझी नव्हेत. हिने लिहिली आहेत. मी तुमच्याशी खोटं बोललो."

जयवंतरावांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. मग पुढे वाकून त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"ताप नाही," ते बाईंना म्हणाले. "पण अशक्तपणाने असं होतं. माणूस भलतंसलतं बोलायला लागतो."

"अहो, खरंच हिने लिहिलंय!"

"बरं, बरं. तुम्ही आधी पडा पाहू."

बाई पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. मदतीला धावून जावं असं त्यांच्या मुळीच मनात येत नव्हतं. कर्णिक शपथा घ्यायला लागले. जयवंतराव त्यांना थोपटायला लागले. अखेर दाराशी उभ्या असलेल्या गुणाजीला दया आली.

"मालकानू, खरा आसा ता. वयनीनीच लिवल्यानी. पयल्या दिवसापासना. माझ्या डोळ्यांसमोर."

जयवंतराव वळले. "तुला ठाऊक होतं? मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"बोललो आसतंय तर माझा गलबत मधीच बुडला आसता," गुणाजी म्हणाला.

जयवंतराव खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ त्यांनी बाईंकडे बघितलं, जणू या घरात आणखी एक माणूस राहतं हे त्यांना आत्ताच कळलं होतं. मग उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, मी तुमच्या हातचा चहा पिऊन तुमच्यासमोर दुसऱ्याची तारीफ करून गेलो. माफ करा. शेवटच्या प्रकरणाला दोघांचं नाव टाकतो. विद्याधर कर्णिक आणि सौभाग्यवती..."

"आधी तिचं," कर्णिक म्हणाले. हे तहात नव्हतं. बाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

शनिवारी कर्णिक काठी टेकत जिना उतरले आणि बायकांच्या मधोमध एका पायरीवर बसले. कुणीतरी त्यांना सरकून जागा दिली. कुंदाने अंक उघडला, वरची दोन नावं वाचली, थांबली, पुन्हा वाचली. मग तिने आणि सगळ्या जिन्याने मान वर करून सगळ्यांत वरच्या पायरीकडे बघितलं. "काकू!" एवढंच कुंदाच्या तोंडून निघालं. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "वाच गं, दुधवाला यायची वेळ झाली."

जेवणाच्या वेळेपर्यंतचं युद्ध झालं. पितळी घोडा जाळ्यात सापडला. कृष्णगिरीच्या सैन्याने चिखलात उभं राहून गरम भात खाल्ला आणि ते आपल्या वाटेने गेलं. वज्रकेतूला मंदारपूरला परत पाठवलं; तो आता कांदा डोळ्यांत पाणी न येता चिरू शकत होता आणि त्याच्या आईला ते फार आवडलं. मग तरंगिणी भैरवसेनाकडे गेली आणि तिनेच त्याला विचारलं. तो म्हणाला, 'मला उत्तर द्यायला वेळ लागेल, कारण आपण विचाराल असं मला वाटलं नव्हतं.' ती म्हणाली, 'मी थांबते.' आणि ती पायरीवर बसून थांबली.

"म्हणजे झालं की नाही लग्न?" कुंदा पान उलटून म्हणाली. "एवढंच आहे! काकू, शालू कुठला नेसली ते तरी लिहायचं!"

बायकांचे लगेच दोन तट पडले. अर्ध्या म्हणाल्या झालं, अर्ध्या म्हणाल्या त्याने नकार दिला असणार, सेनापतीच तो. कर्णिकांनी एकदा वर बघितलं, पण बाई तिथे नव्हत्या. त्या दूध घ्यायला उठल्या होत्या.

दिवाळी अंकासाठी नवी कादंबरी हवी म्हणून जयवंतरावांचा निरोप गुणाजीने आणला, तो बाईंच्या नावाने. बाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि मग पहिलं वाक्य तिथल्या तिथे सांगितलं. एक विधवा राणी होती आणि तिला गाता येत होतं. गुणाजी तोंडातल्या तोंडात ते घोकायला लागला. कर्णिक मोसंबं सोलत ऐकत होते.

"त्यात एखादा हेर असता तर," ते अदबीने म्हणाले, "जरा रहस्य आलं असतं."

बाईंनी मोसंब्याची फोड तोंडात टाकली आणि विचार केला.

"बघू," त्या म्हणाल्या.